डाव्या खांद्यावरचा टॉवेल

३ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा बोकाच! जाईन तिथे बोका.

आमच्या फुटबॉल क्लबला साठ वर्षं होतायत. साठ वर्षांतले दहा अविस्मरणीय बचाव निवडायचे आणि समारंभात पडद्यावर दाखवायचे, असं सेक्रेटरीने काढलंय. निवडायला चौघं — सेक्रेटरी, आमचा जुना स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, 'भिंत', जुन्या फिल्म सांभाळणाऱ्या बाई आणि मी. मला कशाला? "तुम्हाला सगळं आठवतं ना," सेक्रेटरी म्हणाला. आठवणारच! अकरा वर्षं बाकावर बसून दुसरं केलं काय?

बोका पहिला गोलकीपर, मी राखीव; तो गोलात, मी बाकावर. तेव्हाच नाव पडलं 'दुसरा'. आता क्लबचं सामानघर सांभाळतो, तर नवी पोरं हाक मारतात, "दुसरेकाका, ग्लोव्हज द्या." त्यांना ते आडनाव वाटतं. मी दुरुस्त करत नाही.

बैठकीला बसून दोन मिनिटं झाली नसतील. सेक्रेटरी म्हणतो, "पहिला नंबर तर ठरलेलाच आहे, पुढचे नऊ बोलू." म्हणजे बोक्याने कप फायनलला अडवलेली पेनल्टी. शेवटचं मिनिट, आपण एका गोलने पुढे, आणि बोका उजवीकडे झेपावला. सव्वीस वर्षं झाली. केस कापायला जावं तर तिथेही भिंतीवर तोच फोटो, आडवा, हवेत!

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज भांडलो. म्हटलं, पेनल्टी अडवणं हा बचावच नव्हे, तो नशिबाचा खेळ. बचाव म्हणजे भिंतीने डोक्याला पट्टी बांधून गोलरेषेवरून काढलेला तो हेडर. बचाव म्हणजे लेफ्ट बॅक अर्धं मैदान उलटा धावत आला आणि नखभर फरकाने चेंडू काढून नेला, तो. पंचाने शिट्टी तोंडातून काढून "वा" म्हटलं होतं. भिंत खूश झाला, पण मत दिलं बोक्यालाच. तीन विरुद्ध एक.

मग मी घसा खाकरून म्हटलं, त्याच मोसमातला लीगचा शेवटचा सामना, एकाहत्तरावं मिनिट, वरच्या कोपऱ्यात चाललेला चेंडू बोटांच्या टोकांनी बारवरून काढलेला —

"कोणी रे?" भिंतीने विचारलं.

भिंत माझ्या पुढे दहा पावलांवर उभा होता तेव्हा!

"मी," म्हटलं. तर म्हणतो, "हां हां, तो होय. पण त्या सामन्यावर काही अवलंबूनच नव्हतं ना." बाई म्हणाल्या, त्या सामन्याची फिल्मच नाही. झालं. नावडतीचं मीठ अळणी.

अकरा वर्षांत माझा पूर्ण खेळलेला तो एकच सामना. फायनलनंतर आठ दिवसांनी. त्या गाजलेल्या उडीतच बोक्याचा उजवा खांदा दुखावला, हात वरही जात नाही म्हणाला, म्हणून मिळाला. नव्वद मिनिटं, एकही गोल खाल्ला नाही. तेवढं एक तरी माझं स्वतःचं आहे. ते कोणाच्या यादीत नसलं तर नसलं.

६ फेब्रुवारी

हिला सांगितलं यादीचं. तर ही म्हणते, "बोकाभाऊजींनाच पहिला नंबर मिळायला हवा हो, किती साधा माणूस." जेवण गेलं नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

लिहूनच टाकतो. ही रोजनिशी कोण वाचणार आहे?

बोक्याने अकरा वर्षांत चौदा पेनल्टी अडवल्या. चौदाही माझ्या वहीतून. सुट्टीच्या दिवशी मी दुसऱ्या टीमचे सामने बघायला जायचो. कोण कुठल्या पायाने मारतो, किती पावलं मागे जातो, मारण्याआधी कुठे बघतो, सगळं वहीत. आणि सामन्यात त्यांना पेनल्टी मिळाली की मी बाकावर टॉवेल खांद्यावर टाकायचो. माझ्या उजव्या खांद्यावर टाकला तर बोक्याने त्याच्या उजवीकडे झेपावायचं. डाव्या, तर डावीकडे. वही एकदाही चुकली नाही. हे फक्त आम्हा दोघांना माहीत. टाळ्या मात्र एकट्याला.

फायनलला त्यांचा तो ठेंगू पेनल्टी घ्यायला आला. त्याच्यापुढे वहीत लिहिलं होतं — नेहमी गोलकीपरच्या उजवीकडे. मला पाठ होतं.

मी टॉवेल डाव्या खांद्यावर टाकला.

ठरवलं नव्हतं. खरंच नव्हतं. सकाळी कोच म्हणाला होता, बोका आहे तोवर मला काळजी नाही. पोटात दुखलं. एवढंच कारण. वाटलं, एकदा तरी चुकू दे याला. सगळ्यांसमोर. पुढच्या मोसमात माझा विचार होईल. टीम हरली असती, भिंत, लेफ्ट बॅक, सगळे माझ्याच टीमचे! तरी मी टाकला.

आणि बोका उजवीकडेच गेला. अडवली.

लाज वाटते का? वाटते. पण खरं सांगू, जास्त झोंबतं ते दुसरंच. त्याने बघितलंच नाही! अकरा वर्षं माझी वही वापरली, आणि सगळ्यात मोठ्या क्षणी माझ्याकडे बघायची गरजही वाटली नाही. स्वतःच्या जोरावर गेला आणि बरोबर गेला. म्हणजे मी नसतो तरी चाललं असतं.

१२ फेब्रुवारी

बाईंना नवी फिल्म मिळालीय. कोण्या प्रेक्षकाने समोरच्या स्टँडमधून काढलेली. आजवरच्या फिल्ममध्ये फक्त गोल दिसायचा. हिच्यात आमचा बाकही दिसतो.

बाई म्हणाल्या, "हे तुम्हीच ना? टॉवेलचं काय करताय?"

"घाम पुसतोय."

"घडी घालून? खांद्यावर?"

आणि बोका! शिट्टीच्या आधी बोका मान वळवून बाकाकडे बघतो. परत समोर. मग पुन्हा एकदा बाकाकडे. दोनदा. त्याने बघितलं होतं. दोनदा!

मी पाणी प्यायला म्हणून उठलो तो घरीच आलो.

१४ फेब्रुवारी, शनिवार

बाईंना विनवलं, जुनीच फिल्म दाखवा, जवळून काढलेली, त्यात उडी छान दिसते. म्हणाल्या, "मीही तेच म्हणत होते. पण काल बोकासाहेब येऊन दोन्ही बघून गेले. म्हणाले, लांबूनची दाखवा."

मुद्दाम! भर सभेत माझं नाक कापणार. सव्वीस वर्षं मनात ठेवलं आणि आता क्लबची साठी गाठून काढणार. मीही तेच केलं असतं.

समारंभाला जातच नाही, तब्येतीचं सांगतो. पण हिने साडी इस्त्री करून ठेवलीय.

१५ फेब्रुवारी

खाई त्याला खवखवे म्हणतात. दिवसभर नुसते चेंडू मोजले. तीनदा मोजले, तीनदा वेगळे आले.

२१ फेब्रुवारी, शनिवार. समारंभ.

गेलो. ही बोक्याच्या बायकोशेजारी जाऊन बसली, मी दाराजवळची खुर्ची धरली.

दहावा, नववा, आठवा... भिंतीच्या हेडरला लोक उभे राहिले, भिंत रडला. मला एकही धड दिसला नाही. मग पहिला नंबर. बोका स्टेजवर गेला. चालतो अजून तसाच, जसं काही मैदान त्याच्या घरचं आहे. फिल्म मध्येच थांबवायला लावली आणि पडद्यावर बोट ठेवलं, थेट माझ्यावर.

"हा टॉवेलवाला दिसतो का?" म्हणाला. "मी अडवलेल्या सगळ्या पेनल्टी याने वहीत आधीच अडवून ठेवलेल्या असायच्या. त्या दिवशीही मी याच्याकडेच बघितलं, आणि मगच ठरवलं कुठे जायचं. दुसऱ्या, ऊठ."

कोणीतरी काखेत हात घालून उभं केलं. चारशे माणसं टाळ्या वाजवत होती. आयुष्यभर ज्या टाळ्यांसाठी जळलो त्या मिळाल्या, आणि जमीन दुभंगावी असं वाटलं.

नंतर बाहेर पॅसेजमध्ये गाठलं त्याला. म्हटलं, "टॉवेल डावीकडे होता."

"माहीत आहे."

"मग?"

"तू नेहमी माझ्या डोळ्यांत बघून टॉवेल टाकायचास. त्या दिवशी खाली बघत होतास. मी परत बघितलं, तरी खालीच." बोका अंगठ्याने नाक चोळत होता, पूर्वी कॉर्नरच्या वेळी चोळायचा तसं. "म्हटलं, याची वही चुकत नाही. हाच आज खोटं बोलतोय. गेलो उलटा."

"बोलला का नाहीस कधी?"

"काय बोलायचं? तुला खेळायचं होतं. अकरा वर्षं मला ते दिसलंच नव्हतं रे. त्या दिवशी दिसलं."

तेवढ्यात लोक फोटो काढायला त्याला ओढून घेऊन गेले.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी चहा ओतताना ही कालचं सांगत होती. वहिनींनी फोनमधले जुने फोटो दाखवले म्हणे. "एक तर तुमच्या त्या सामन्याचा आहे. बोकाभाऊजी स्टँडमध्ये उभे, धाकटी मुलगी खांद्यावर. तुम्ही तो वरचा चेंडू काढलात ना, त्या वेळचा. दोघंही हात वर करून ओरडतायत."

मी विचारलं, कुठल्या खांद्यावर?

"उजव्या," म्हणाली. "का हो?"