माय येडी नव्हती

माय, तू जिंकली. आधी हेच सांगते, बाकीचं मागून.

तुले जाऊन इतकी वर्षं झाली, अन् आज ग्राहक आयोगाचा निकाल लागला. रामाकोन्याकडच्या त्या वृद्धाश्रमानं भरपाई द्यावी, असा हुकूम झाला. तक्रारीवर अंगठा तुझा होता. तू नाही, म्हणून ते पैसे माझ्या हाती येतील. पण पैशाचं जाऊ दे. माझा जीव अडकला होता दुसऱ्याच गोष्टीत. 'म्हातारीचं डोकं फिरलं होतं, कपडे फाडत होती, म्हणून तिच्याच भल्यासाठी हात बांधले,' असं त्यांचा वकील दर तारखेले सांगे. सावरगावच्या मावशीलेही, तुझ्या सख्ख्या बहिणीलेही, ते खरं वाटू लागलं होतं. माझ्या अंगाची कशी आग होत होती, काय सांगू!

तुले चक्कर येऊ लागल्यावर घरी एकटं ठेवता येईना, मी अन् तुझा जावई दोघंही ड्युटीवर, म्हणून तुले तिथं ठेवलं होतं. मी भेटायले येते, तं तू खाटेवर. दोन्ही मनगटं लुगड्याच्या चिंध्यांनी खाटेले आवळलेली, कातडी सोलून निघालेली. मी बोंब मारते, अन् तू मलेच दटावते, "वरडू नको वं. पहिले त्या झाडाकडं पाह्य, फांदी मोडून राहिली." अंगणात संत्र्याचं एकच झाड, फळांनी पार वाकलेलं. त्याच्या अर्ध्या फांद्या तू लुगड्याचे काठ फाडून बांबूच्या टेकूले बांधून ठेवलेल्या. जन्मभर बोरगावच्या संत्र्याच्या बागेत मजुरीले जाऊन तूनं हेच तं केलं. सुतळीनं साल कापते, नेसून मऊ झालेला काठच पाहिजे, असं तू म्हणे. मी तुले त्याच दिवशी घरी आणलं.

अन् गंमत पाह्य, त्या झाडाचा फोटो आश्रमवाल्यांनीच आयोगापुढे ठेवला, तुझ्या येडेपणाचा पुरावा म्हणून! बोरगावचे बागमालक साक्षीले आले होते. फोटो पाहून त्यांले हसूच आवरेना. "साहेब, ही बाई येडी असंल तं आमच्याकडच्या साऱ्या बागा येड्या. फळ भरलं का फांद्या अशाच बांधतेत."

निकालात साफ लिहिलं आहे, की तू पुऱ्या शुद्धीत होती अन् तुले बांधून ठेवणं हा छळच होता. बाहेर येऊन मी पहिला फोन मावशीले लावला अन् तेवढंच वाचून दाखवलं. तिनं ते पुन्हा एकदा वाचायले लावलं. मग म्हणाली, "म्हनजे माई बहीन शहानीच होती न वं?"

"शहाणीच होती, मावशी."

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. एक सांगून टाकते, रागावू नको. निकाल ऐकून मी रडली नाही. सौसरच्या स्टँडवर उतरली अन् गरम आलूबोंडे खाल्ले, वरून अजून एक प्लेट मागवली. खाता खाता तुले विसरूनच गेली होती, माय, बऱ्याच वर्षांनी.