आवाज गेल्यानंतरची आई

आई, राजूरला आपल्या शेजारी पिठाची चक्की होती, त्या घरची सून परवा वणीला माझ्याकडे आली होती. तू गेलीस तेव्हा ती नवी नवरी होती. आता तिचेही केस माझ्यासारखे पिकलेत. तिच्या घशात गाठ निघाली आहे. पुढच्या आठवड्यात नागपूरला ऑपरेशन आहे आणि स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलंय. स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून ती बसक्या आवाजात म्हणाली, "तुह्या आईचंबी असंच झालतं नं? मंग ती कशी राह्यली वं? मले सांग." ती तेवढंच विचारायला आली होती.

सुरुवातीचं सगळं मला ठाऊक आहे. रविवारी आपल्या पत्र्याच्या चर्चमध्ये तू खंजिरी घेऊन पुढे बसायचीस. पाळक गीताचं नाव सांगायचे आणि पहिला सूर तुझाच असायचा. रात्रपाळी करून खाणीतून आलेले बाबा भिंतीला टेकून डोळे मिटायचे. लोकांना वाटायचं झोपले, पण तू एखादं कडवं गाळलंस की घरी येताना तेच सांगायचे. मग तुझा आवाज बसायला लागला. मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं, शेवटी नागपूर झालं. तू आयुष्यात कधी तंबाखूच्या खर्ऱ्याला हात लावला नव्हतास. परत आलीस ती गळ्याला भोक घेऊन. श्वास तिथून, खोकलाही तिथूनच. त्यावर पांढरं फडकं बांधलेलं, आणि बोलण्यासाठी माझी शाळेतली जुनी पाटी.

त्यानंतरचे महिने मला नीट आठवतात, कारण घर तेवढं गप्प कधीच नव्हतं. रविवार आला की तू भिंतीकडे तोंड करून पडतेस. बाबा भाकरी थापतात, वाकड्यातिकड्या, आणि एकटेच चर्चला जातात. एकदा पाळक घरी आले. खाटेजवळ बसून म्हणाले, देवाची यात काहीतरी योजना असेल. तू उठून पाटी ओढलीस आणि लिहिलंस, "आवाज घ्याचाच होता तं दिला कायले, त्याले विचारा." पाळकांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि प्रार्थना करून गेले. तू देवाशी अशी बोललीस याची मला भीती वाटली होती. बाबा मला अंगणात घेऊन गेले आणि म्हणाले, "तिचं अन् देवाचं भांडण चालू आहे. आपण मधात पडू नये."

मग नागपूरला तपासणीचा तो दिवस. मी सोबत होते. दवाखान्याच्या वॉर्डात खिडकीशी एक बाई पडली होती, बोरी अरबची. तिचा नवरा मोटारी दुरुस्त करायचा, नखांत ऑइल घेऊनच तो बसला होता. तिचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, नाकात नळी होती आणि नळीतून काही घालू लागलं की ती हात झटकायची. नवरा मला म्हणाला, "आईना भी नहीं देखती, बेटी. मेरी तरफ भी नहीं देखती." तू ते ऐकलंस. माझा आधार सोडून तिच्या खाटेवर जाऊन बसलीस. आणि जे फडकं तू बाबांसमोरसुद्धा काढायची नाहीस, ते सगळ्या वॉर्डासमोर सोडलंस. तिचा हात धरून आपल्या गळ्याजवळ नेलास, भोकातून येणारा श्वास तिच्या तळहाताला लागेल असा. ती बघत राहिली. मग तिचं तोंड रडण्यासाठी उघडलं, आवाज मात्र आला नाही, आणि तुझाही आला नाही. नंतर तिच्या नवऱ्यानं नळीतून दूध घातलं, तेव्हा तिनं हात झटकला नाही.

परतीच्या बसमध्ये तू पाटी मागितलीस. बस हलत होती, अक्षरं वेडीवाकडी आली. "प्रभूनंबी मेल्यातून उठल्यावर घाव झाकले नाही. शिष्यांले दाखवले." थोड्या वेळानं ते पुसून लिहिलंस, "माह्या गळ्याचं काम सरलं नाही."

त्यानंतर तपासणी असो नसो, तू नागपूरला जात राहिलीस. त्या वॉर्डात नवीन कोणी आलं की नर्सबाई तुला निरोप पाठवायच्या. रविवारी तू पुन्हा पुढे बसू लागलीस, खंजिरी वाजवत, नुसते ओठ हलवत. तू सुखी होतीस असं मी म्हणणार नाही. कधीकधी एखादी गोष्ट लिहायला वेळ लागे, समोरचा कंटाळे, आणि तू पाटी आपटायचीस. पण भिंतीकडे तोंड करून तू पुन्हा कधी निजली नाहीस.

मला जे माहीत नाही ते यातलं मधलं आहे. त्या महिन्यांत तू भिंतीकडे बघत मनात काय म्हणायचीस? भांडण त्या वॉर्डातच मिटलं, की आधीच मिटत आलं होतं आणि आम्हाला दिसलं नाही? माझं बी.एड. सुरू होतं, मग लग्न झालं. तुझ्या पाटीशी बोलायला निवांतपणा हवा, तो पुढे मिळेल असं मी धरून चालले. आणि पाटीवर आधीचं पुसल्याशिवाय पुढचं लिहिता येत नव्हतं, त्यामुळे तुझं काहीच उरलं नाही. दोन वर्षांनी गाठ परत आली आणि तू गेलीस. शाळेत फळा पुसताना मला अजून ते आठवतं.

चक्कीवालीला मी वॉर्डातलं सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मग तिनं सरळ विचारलं, "आवाज तं गेलाच नं. मंग तुमच्या येशूनं तिले देल्लं काय?"

"मले पूर्ण नाही माहीत," मी म्हटलं. "पण ती उठून दुसरीच्या खाटेवर जाऊन बसली, हे मी पाह्यलं."

ती पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "ऑपरेशनच्या दिवशी तू येशीन का संग?" मी येईन म्हटलं. तुझ्यासारखं दाखवायला माझ्या गळ्यावर काही नाही, नुसतं बसता येईल.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. दारात चप्पल घालताना तिनं विचारलं, "गाची म्हणे तुही आई. आवाज कसा होता वं तिचा?" मी म्हटलं, गोड होता. आई, मला तुझे हलणारे ओठ आठवतात, गीतंही सगळी पाठ आहेत. आवाज आठवत नाही.