पत्रातला भूतकाळ

खराडी, १२ जानेवारी २०२५

ती. स्व. श्रीनिवासकाकांस,
तनयाचा सा. न. वि. वि.

कानाचं यंत्र तुम्ही ड्रॉवरमध्येच ठेवता, असं काकूने सांगितलं. म्हणून फोनचा नाद सोडून पत्र लिहिते.

काका, मी थकले आहे. आठवडाभर कंपनीत लोकांच्या तक्रारी सोडवायच्या आणि शनिवार-रविवारी विद्यापीठात लॅटिनच्या वर्गाला बसायचं. ग्रीक-रोमन अभ्यासाची पदविका हौसेने घेतली खरी. सुरुवातीला बाकं भरलेली असायची, आता आम्ही सगळे एका रिक्षात मावू. ऑफिसमधल्या सुरुचीने विचारलं की लॅटिन बोलणार कुणाशी, त्यापेक्षा जर्मन का नाही घेतलंस. सोडून द्यावं असं फार मनात येतं.

एक गंमत मात्र सांगते. आपण सा. न. वि. वि. लिहितो तशी रोमन लोकही पत्राच्या डोक्यावर नुसती आद्याक्षरं टाकत. अर्थ असा, की तुम्ही बरे असाल तर उत्तम, मी बरी आहे.

काकूला नमस्कार. लोभ पातळ होऊ देऊ नये.

तुमची,
तनया

*

कसबा पेठ, १७ जानेवारी

चि. तनयास,
अ. उ. आ.

सुरुचीला म्हणावं, माझ्या काकाने जन्मभर संस्कृत शिकवलं, त्यालाही बोलायला कुणी मिळालं नाही. त्यामुळे भांडणं कमी झाली.

थकवा मला कळतो. मी तर काहीच न करता थकलो आहे आणि त्यातून रजाही मिळत नाही. कान गेल्यापासून माणसं माझ्यापुढे नुसते ओठ हलवतात. तुझं पत्र तेवढं स्वच्छ ऐकू येतं. म्हणून एक मागणं आहे. प्रत्येक धडा मला लिहून पाठव. तुझ्या मागच्या बाकावर मी बसलो आहे असं समज. तू सोडलंस तर माझीही शाळा सुटेल.

आणि कागदावर मुंग्या सोडल्यासारखं लिहू नकोस. अक्षर मोठं काढ, शाई काळी घे.

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

श्रीनिवासकाका

*

खराडी, २ फेब्रुवारी

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमच्यासाठी आणखी एक धडा काढला. लॅटिनमध्ये ॲब्लेटिव्ह म्हणून एक विभक्ती आहे. आपली तृतीया, पंचमी आणि सप्तमी, तिघींची कामं ती एकटी ओढते. मला तिची फार दया येते.

दुसरं म्हणजे पत्रातला भूतकाळ. रोमन माणूस पत्र लिहिताना वाचणाऱ्याच्या वेळेचा विचार करायचा. पत्र पोचेपर्यंत आजचं काल होणार, म्हणून 'मी लिहीत आहे' ऐवजी तो 'मी लिहीत होतो' असं लिहायचा. मला हे सौजन्य वाटलं.

तुमच्या शेवटच्या ओळी मात्र उतरणीला लागल्या होत्या, एका शब्दावर दुसरा शब्द चढला होता. लहानपणी माझ्या वहीत असं दिसलं असतं तर तुम्ही पट्टी काढली असतीत.

आठवण ठेवावी, रागवायला का होईना.

तनया

*

कसबा पेठ, ८ फेब्रुवारी

चि. तनयास,
अ. उ. आ.

ॲब्लेटिव्हचं वाचलं. रोममध्येही कर्मचारी कपात झालेली दिसते.

आता तुझ्या रोमन पद्धतीने लिहितो. मी खिडकीशी बसलो होतो. पाठीवर ऊन येत होतं. तुझी काकू मटार सोलत होती. मला अक्षरं दिसत होती. वाचायला मला फार आवडत होतं.

आज एवढंच. हात दुखतो.

श्रीनिवासकाका

*

खराडी, १६ फेब्रुवारी

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

तुम्हाला पैकीच्या पैकी गुण. तुमचा भूतकाळ मी वर्गात वाचून दाखवला. सर म्हणाले, या विद्यार्थ्याला वर्गात घेऊन या.

पण काका, माझ्याने आता होत नाही. काल धडा चालू असताना बाकावरच डोळा लागला. येत्या शनिवारी सरांना सांगून वर्ग सोडणार आहे. तुमची शाळा सुटते, त्याचं मला वाईट वाटतं. रागावू नका.

तनया

*

कसबा पेठ, २० फेब्रुवारी

चि. तनया,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. तुला कळू द्यायचं नाही, असं ह्यांनी मला बजावलं होतं.

ह्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला आहे. दिवाळीनंतर सुरू झालं. बघतील तिथे मधोमध काळा डाग येतो, कडेचं तेवढं दिसतं. डोळ्यात इंजेक्शनं चालू आहेत. आहे तेवढं टिकलं तरी पुष्कळ, असं डॉक्टर म्हणतात. तुझं प्रत्येक पत्र हे भिंग धरून अक्षर अक्षर लावत बसतात. मी वाचून दाखवावं तर ऐकू येत नाही, आणि कानाशी ओरडले तर शेजाऱ्यांना लॅटिन येईल.

तू गुण दिलेस ते वाचून हे हसले, आणि मग बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसले. तो रोमन भूतकाळ नव्हता गं. आपला साधा मराठी होता.

तू शिकणं सोडलंस तरी आम्ही काही म्हणणार नाही. पण पत्र बंद करू नकोस. काळ्या जाड पेनने मोठं लिहिलं तर कडेकडेने दिसतं.

हेमाकाकू

*

खराडी, २३ फेब्रुवारी
(काकू, एका पानावर एकच ओळ लिहिली आहे. पानं क्रमाने हातात द्यावीत.)

काका,

मी चुकीचे गुण दिले.

काल सरांना काही सांगितलं नाही.

थकले आहे, पण वर्गाला गेले होते.

रोमन लोक दगडावर मोठीच अक्षरं कोरत.

मीही आता तशीच काढते.

शनिवारी वर्ग सुटला की येते.

पाटी आणि खडू आणते. मागचं बाक धरून ठेवा.

तुम्ही बरे असाल तर उत्तम.

नसाल, तरी येते.

तनया