स्प्रिंग वाढली

अण्णा, आज तुमच्या एका शब्दापायी दोन माणसं मरता मरता वाचली. हे तुमच्याशिवाय सांगू कुणाला?

तुमच्या गॅरेजात कधी काही तुटलं नाही. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. तसंच गाडी म्हणजे घरची लक्ष्मी, तिच्याबद्दल अभद्र बोलायचं नाही. म्हणून तुटलेला तुकडा हातात धरूनही तुम्ही गिऱ्हाइकाला सांगायचात, "स्प्रिंग वाढली." मी एकदा 'तुटली' म्हटलं, तर पान्हा खाली ठेवून असं बघितलंत की मी लगेच 'वाढली, वाढली' केलं. मग जेवताना डब्यातला तळलेला बांगडा गुपचूप माझ्याच पानात सरकवलात. तुम्हाला धड रागावताही येत नव्हतं.

आता गॅरेज मी बघते. बाई गाडीखाली झोपते म्हणून लोक आधी हसले, मग सवय झाली त्यांना. हात तुमचा आणि जीभही तुमचीच.

आज सकाळी मुंबईचा एकजण आला. समुद्राकाठी गावच्या घरी निघालेला, म्हातारी आई मागे बसलेली. गाडी डावीकडे बसलीय आणि खड्ड्यात टक टक वाजते म्हणाला. बॅटरी मारून बघितलं, तर पुढच्या स्प्रिंगचं खालचं वेटोळंच सुटं झालेलं. आपली खारी हवा, दुसरं काय! तो फोनवर बोलत होता म्हणून मी हातातलं काम उरकायला शेजारच्या गाडीखाली शिरले. थोड्या वेळाने त्याने विचारलं तेव्हा खालूनच ओरडले, डावी स्प्रिंग वाढली हो. "अरे वा," म्हणाला, आणि मी सरकत बाहेर येईतो गाडी रस्त्याला लागलेली. बसलेली बाजू वर आली असं वाटलं त्याला. त्याचं तरी काय चुकलं?

मी हाका मारत रस्त्यापर्यंत धावले. ते मोडकं टोक टायरात घुसलं तर? आणि पुढे सगळी समुद्राकडची वळणं. सकाळी नंबर घेऊन ठेवला होता म्हणून बरं. फोन लावते, उचलत नाही. परत लावते. शेवटी उचलतो, आणि मी तुमच्या गॅरेजात उभी राहून सांगते, "तुटलीय स्प्रिंग, तुटलीय. आहात तिथे थांबवा गाडी."

आरे-वाऱ्याच्या उताराअलीकडे गाठलं त्यांना. टायर आतून असा खरवडलेला, की बोटांना धागे लागले. तो पांढराफटक पडलेला. मी खालून काय ओरडले होते ते आत्ता कळून म्हातारी मात्र दगडावर बसून हसत होती. हा मुंबईत वाढलेला, ह्याला काय कळतंय वाढणं, असं म्हणाली. मग मला निरखून बघत विचारलंन, "तू अण्णांची लेक ना गो? अण्णा कुठे आहेत?"

"गेले," मी म्हटलं.

"परत कधी यायचेत?"

इतकी वर्षं मी सगळ्यांना 'गेले' एवढंच सांगत आलेय, अण्णा. लोक समजून घेतात, पुढचं विचारत नाहीत. हिने विचारलंन, आणि तेही अगदी सहज, तुम्ही लांज्याला सामान आणायला गेल्यासारखं. आडून बोलल्यापायी हिच्या लेकाचं काय झालं असतं ते मी नुकतंच बघितलं होतं, तरी सरळ शब्द टाळावासाच वाटला. मग म्हटलं, "वारले हो आजी." तिने मला जवळ ओढलंन आणि मी ग्रीसने माखलेले हात लांब धरून तिच्या खांद्यावर रडले. तुम्हाला नेलं त्या दिवशीसुद्धा मी अशी रडले नव्हते. लोकांना चहा देत बसले होते.

हे लिहून टपालात टाकायचं नाही, एवढं मलाही कळतं. पण एक सांगते, म्हणजे मन मोकळं होईल. ती 'कधी यायचेत' म्हणाली ना, तेव्हा माझ्या जिभेवर 'संध्याकाळी' आलं होतं.