तुम्ही येणार म्हणून

पाहणीला येऊन गेलेल्या मॅडम,

नमस्कार लिहायची इच्छा नाही, म्हणून सरळच सांगते. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांसाठी मी तुमच्या कार्यालयाकडे रोज दोन तास मदतीला माणूस मागितला होता. तुम्ही आलात, सोफ्याच्या कडेला टेकलात आणि म्हणालात, "किती छान ठेवलंय हो यांना! तुमचं तर मस्त चाललंय." झालं, मदत नामंजूर.

मस्त? तुम्ही येणार म्हणून मी फिनेलने फरशी पुसली, बाबांचं अंग पुसून दाढी केली, घाण झालेल्या चादरी बाल्कनीत लपवल्या. घरी कोणी येणार म्हटलं की आवरायचं, एवढंच मला येतं. बाबाही काही कमी नाहीत. एरवी भरवलेला घास माझ्या अंगावर थुंकतात, तुमच्यासमोर मात्र उशीला टेकून ऐटीत म्हणाले, "माझं मीच करतो!" तुम्ही लगेच मान डोलावलीत. किळस येते मला तुमची, त्या फिनेलच्या वासाची आणि माझीसुद्धा.

तक्रार केली, म्हणून उद्या तुम्ही परत येताय. या वेळी काही म्हणजे काही आवरायचं नाही, असं मी ठरवलं. बसा त्या वासात आणि बघा डोळे भरून.

मघाशी बाबांना तसं सांगितलं. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मग हळूच म्हणाले, "बाईमाणूस येणार ना गं? निदान पायजमा तरी बदल."

चादरी भिजत घातल्यात. हे पत्रही तुम्ही यायच्या आत आवरून ठेवीन.

जिचं मस्त चाललंय,
ती