जिमीची ताटली

देवगाव फाटा, ता. सेलू
१२ जून १९८६

प्रिय सूर्यभान,

'प्रिय' लिहिताना हात थांबला होता. पण तू होस्टेलला होतास तेव्हापासून तुला असंच लिहीत आले, म्हणून राहू दिलं. तुझं पत्र मिळालं. तीन पानांपैकी सव्वादोन पानं जिमीची आहेत. गावातलं कुणी त्याला दगड घालील, विष घालील, औरंगाबादला लगेच पाठवून दे, मुलं त्याच्या नावानं रडतात. उरलेल्या पाऊण पानात आश्रुबा.

जिमी बरा आहे. पुढच्या पायाला खरचटलं होतं, ते भरलं. दोन वर्षांपूर्वी तू त्याला पिशवीतून आणलंस, पांढरं अंग आणि एका डोळ्यावर तपकिरी ठिपका. टेरियर आहे अक्का, म्हणालास, बिळात शिरून घूस काढायलाच ही जात पाळतात. तुझे दाजी हसले होते, एवढंसं कुत्रं मांजराला तरी भिववील का म्हणून. पहिल्याच आठवड्यात त्यानं कडब्याच्या गंजीतून तीन घुशी काढून ओसरीवर ओळीनं मांडल्या. मग तो घरचाच झाला. त्याची ताटली स्वयंपाकघरात, चुलीच्या उजव्या अंगाला. आश्रुबा अठरा वर्षं आमचा सालगडी, त्याचा कप मात्र ओसरीच्या कोनाड्यात पालथा. हे मी आज लिहिते आहे. दोन वर्षं रोज बघत होते, आणि बी. ए. झालेली बाई म्हणून गावात मान घेत होते.

तुला वाटेल, अक्का आता विद्यापीठाच्या नावावर घसरणार. घसरतेच. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या विरोधात तू परभणीत घोषणा देत फिरलास, घरी येऊन ते हसत हसत सांगितलंस. तेव्हा आश्रुबा अंगणात बैलांना पाणी दाखवत होता. मी तुला काही बोलले नाही. डायरीत मात्र पानभर लिहिलं. माझं सगळं बोलणं आजवर असंच डायरीत झालं.

त्या दिवशीचं तुला आठवत नाही असं तू लिहितोस, म्हणून सांगते. सकाळी जमिनीतल्या ज्वारीच्या पेवावरची माती काढली, फरशी सरकवली. पेवाचं तोंड एक दिवस उघडं ठेवायचं, मग पेटता कंदील सोडायचा, तो विझला नाही तरच माणसानं आत जायचं. हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. तुला घाई होती, दुपारच्या गाडीनं ज्वारी न्यायची होती. आश्रुबानं तुझ्यासमोर कंदील सोडला. दोन हात खाली जाऊन तो विझला. आश्रुबा म्हणाला, "आज न्हाई मालक. आत वारं वाईट हाय. उद्या बघू." आणि कंदील कडेला ठेवून तंबाखू मळायला बसला.

तेवढ्यात जिमीला घुशीचा वास लागला. पेवाच्या गळ्यात दगडी टप्पा आहे, तिथं बीळ होतं. तो सरळ खाली उतरला आणि बिळात अर्धा अडकला. मागचे पाय तेवढे दिसत होते. तुझी मुलगी किंचाळली. तू म्हणालास, "अरे, बघतोस काय? दोन खाचा तर उतरायचंय. एवढा भिऊन कसा राहिलास जिवंत?" आश्रुबा हसला. त्यानं माझ्याकडे बघितलं. तुझ्याकडे नाही सूर्यभान, माझ्याकडे. आणि मी म्हणाले, "जा रे, कडेकडेनं. लगेच वर ये."

तो खाचांत पाय रोवून उतरला. जिमीला मानगुटीला धरून ओढलं आणि वर माझ्या हातात दिलं. "धरा बाई, लय वळवळायलंय," एवढं म्हणाला. त्याचा हात परत कडेला आलाच नाही. दोर बांधून माणसं उतरेपर्यंत वीस मिनिटं गेली. तेवढा वेळ जिमी माझ्या पदरात खोकत होता, आणि मी, मला सांगायला लाज वाटते, त्याला थोपटत होते.

आता आश्रुबाची कडूबाई वाड्यासमोरून जाते तेव्हा मान वळवत नाही. नवरा गेल्याच्या चौथ्या दिवशी ती मजुरीला निघाली होती. मी तिच्या दारात गेले तर म्हणाली, "कुत्रं बरं हाय ना बाई?" त्यात टोमणा होता की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मीच टोमणा धरला आहे.

तू लिहितोस, आश्रुबाचा त्या कुत्र्यावर जीव होता, तो आपणहून उतरला, कंदिलाचं काही बोलायचं नाही, दाजींना मी समजावलं आहे, अक्का, तू फक्त हो म्हण. तुझी बढती अडेल हेही लिहितोस. आश्रुबाचा जिमीवर जीव नव्हता. तो त्याला 'साहेब' म्हणायचा आणि दाराबाहेरून ताटलीकडे बघून थुंकायचा. निदान मेलेल्या माणसाच्या तोंडी तुझं कुत्र्याचं कौतुक घालू नकोस.

येत्या बुधवारी सकाळी फौजदार जबाब घ्यायला येणार आहेत. तुला आधी कळावं म्हणून हे पत्र. कंदील विझलेला मी पाहिला, हे मी सांगणार. तू काय बोललास ते सांगणार. शेवटचा शब्द माझा होता, तोही सांगणार. दाजी दोन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. न बोलोत. तुला माझ्याविरुद्ध जबाब द्यायचा असेल तर जरूर ये, मी काहीही नाकारणार नाही. जिमीला तेव्हाच घेऊन जा. त्याची ताटली मी धुऊन ओसरीवर ठेवली आहे, कोनाड्यातल्या कपाशेजारी.

तुझीच, हे अजून खरं असेल तर,
सत्यशीला अक्का