एकच सिनेमा, एकोणीस वेळा

आयरे रोड, डोंबिवली (पूर्व)
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय राजरत्न,

तीन आठवडे तुझा एकही फोन उचलला नाही आणि मेसेजना ‘नंतर बोलते’ एवढंच उत्तर देत राहिले, त्याबद्दल आधी माफी मागते. राग नव्हता. तू आईबद्दल विचारलं असतंस, आणि मला एकतर खोटं बोलावं लागलं असतं, नाहीतर दिलेला शब्द मोडावा लागला असता. दोन्ही नको होतं, म्हणून फोन वाजू दिला. तू ठाण्याला, मी कल्याणला, आणि आपल्या दोघांच्या मधोमध आईच्या घरी बसून मी तुला पत्र लिहितेय, याचं तुला हसू येईल. हसून घे, पण मग बसून वाच. आणि पहिल्यांदा तरी एकट्याने वाच.

मुद्द्याचं आधीच सांगून टाकते, म्हणजे तू शेवटचं पान उलटून बघणार नाहीस. आई एक डिसेंबरला ठाण्याला राहायला येणार नाही. इथली खोली भाड्याने द्यायची नाही. तू पाठवलेल्या एजंटला मी परवा चहा पाजून परत पाठवलं. आणि गच्चीवर डिशची छत्री पुन्हा लागणार आहे. हे तुला विचारून ठरवलेलं नाही. छत्री काढताना आपण दोघांनीही आईला विचारलं नव्हतं, त्यामुळे मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही.

चार ऑक्टोबरचा तो शनिवार मी डायरीत पुन्हा वाचला. धम्मचक्र प्रवर्तन दिन होऊन दोनच दिवस झाले होते, घरात अजून खिरीचा वास होता. तू भिंतीवर तो मोठा टीव्ही लावलास, वायफाय बसवलंस, सिनेमे बघायच्या तुमच्या खात्यात आईच्या नावाची जागा केलीस आणि तिथे घुबडाचं चित्र दिलंस, कारण ती पहाटे चारला उठते. आई हसली होती. मग तू म्हणालास, आता डिश कशाला, सगळं यातच आहे, जग कुठल्या कुठे गेलं. मी मान डोलावली. वायर कापली तेव्हा शिडी मीच धरली होती. छत्री भंगारात जायची ती शेजारच्या नीलाकाकूंनी मागून घेतली, आणि आता गच्चीवर तिच्यात त्यांच्या आवळ्याच्या फोडी वाळत असतात. मी डायरीत लिहिलंय, ‘आईचा टीव्ही नवा झाला. राजूने मनापासून केलं.’ मनापासून केलंस हे मी आजही खोडणार नाही.

मग तेवीस तारखेला आपल्या ग्रुपवर तुझा मेसेज आला. तुझ्या फोनवर दिसणारी यादी होती ती, कुणी काय पाहिलं याची. घुबडाच्या खाली एकच सिनेमा, त्या होडीवाल्याचा, एकोणीस वेळा. रोज दुपारी तीनच्या सुमारास. मध्येच एकदा कुठल्यातरी भुताच्या सिनेमाची सात मिनिटं. तू लिहिलंस, ‘मॅडम काय बघताहेत बघा’, आणि मी हसण्याचे तीन चेहरे पाठवले. ते तीन चेहरे मला अजून टोचतात. तू फोन करून आईला विचारलंस, रोज तेच काय बघतेस? ती म्हणाली, “बघितलाय होय रे? मला नाही आठवत.” तिथून सगळं फिरलं. दोन दिवसांत तू त्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीस, प्रियांकाने तुमच्या घरी आईसाठी एक खोली रिकामी करायला घेतली, आणि तुझ्या ओळखीच्या कुणीतरी दिलेला प्रश्नांचा कागद तू मला पाठवलास: ताई, आधी तू घरी करून बघ.

मी पंचवीस तारखेला इथे राहायला आले. कागद, पेन आणि माझी वही घेऊन स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसले, आणि मला परीक्षकासारखं वाटत होतं, हेही लिहिते. तारीख, वार, महिना तिने माझ्या आधी सांगितला. तीन शब्द लक्षात ठेवायचे होते, पाच मिनिटांनी तिने ते सांगितले आणि वर म्हणाली, “अजून दोन दे, तीनात काय आहे?” शंभरातून सात-सात वजा करत खाली यायचं होतं. ती दोनापर्यंत न थांबता आली, मी अजून एकावन्नपाशी चाचपडत होते. घड्याळ काढलं, काटे बरोबर. मग शेवटून दुसरा प्रश्न. मी कागद तिच्यापुढे धरायचा आणि गप्प बसायचं, असं लिहिलं होतं. मोठ्या अक्षरात एकच वाक्य: ‘डोळे मिटा.’ ते वाचून तसं करायचं. आईने कागद हातात घेतला. बराच वेळ बघितला. म्हणाली, चष्मा कुठे ठेवला कोण जाणे. चष्मा तिच्या डोळ्यांवर होता. तिच्याही ते लक्षात आलं. ती माझ्याकडे बघत राहिली, डोळे सताड उघडे. मग शांतपणे म्हणाली, “काय लिहिलंय गं त्यात?” मी सांगितलं. ती म्हणाली, “मिटले असते की. वाचता आलं असतं तर.”

राजू, आपल्या आईला वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं.

तुझा विश्वास बसणार नाही, माझाही बसला नव्हता. मला पहिल्यांदा आठवलं ते तुझं सातवीचं प्रगतिपुस्तक. अण्णांनी सही करायला घेतलं आणि आईने शेजारून बघून सांगितलं की बेरीज चुकलीय, नऊ गुण कमी धरलेत. दुसऱ्या दिवशी फॅक्टरीतली पाळी बदलून ती शाळेत गेली, मुख्याध्यापकांपुढे बोट ठेवून एकेक आकडा मोजायला लावला आणि तुझा नंबर सहाव्यावरून चौथ्यावर आणला. अशी बाई निरक्षर असेल असं कुणाला वाटेल? पण आकडे वेगळे, हे आपल्याला कळलं नाही. आकडे ती लहानपणी खडवलीच्या पलीकडे वीटभट्टीवर शिकली. मुकादम खडूने थराथरावर लिहायचा, आणि ती विटा मोजून त्याच्याशी ताडून बघायची. शाळेत धाकटे मामा गेले, ती त्यांना सांभाळायला घरी राहिली. सही अण्णांनी लग्नानंतर शिकवली. पुढचं शिकवायला घेतलं तेव्हा माझी चाहूल लागली, मग तुझी, आणि ते राहूनच गेलं.

त्या रात्री मी जुन्या डायऱ्या आठवत बसले, आणि कल्याणला गेल्यावर खरंच काढून वाचल्या. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं आणि मला दिसलं नव्हतं. एकदा विहारात वंदना चालू असताना मी तिच्या शेजारी होते. तिच्या हातातलं पुस्तक दोन पानं पुढे गेलं होतं, आणि ती मात्र सगळ्यांच्या बरोबरीने म्हणत होती. मी लिहिलंय, ‘आईला सगळं पाठ आहे, पुस्तकाकडे बघतही नाही.’ आणि अण्णांचं रोज सकाळी सातला पेपर मोठ्याने वाचणं. आपण दोघं कान झाकून अभ्यास करायचो, कुरकुरायचो. मला ती त्यांची खोड वाटायची. ते तिच्यासाठी वाचत होते, बेचाळीस वर्षं, आणि आपल्यालाही कळू नये अशा बेताने. एका चौदा एप्रिलला त्यांनी विहारात भाषण केलं होतं, की आपल्यातली एकही बाई अक्षरावाचून राहता कामा नये. आई पहिल्या रांगेत होती, मी तिच्या मांडीवर. आई म्हणते, घरी आल्यावर ते जेवले नाहीत आणि असं भाषण पुन्हा कधी केलं नाही. त्या दिवसापासून दोघांनी मिळून हे झाकलं. साहेबांचं नाव घेणाऱ्या घरात ही गोष्ट कशी सांगायची, असं तिला वाटायचं. अण्णा गेल्यावर पेपर बंद झाला. मग तिने सातला बातम्या लावायला सुरुवात केली. चार वर्षं तो चॅनेल तिचा पेपर होता, राजू. तो आपण कापला.

जुन्या डिशच्या रिमोटवर आकडे होते. तुझ्या नव्या रिमोटवर एक गोल चकती आहे, दोन-चार रंगीत बटणं आहेत, आणि आकडा एकही नाही. पडद्यावर शंभर चित्रं, प्रत्येकाखाली अक्षरं. तू पहिल्या दिवशी जे दाखवलंस ते तिने पायऱ्यांसारखं पाठ केलं: घुबड, खाली दोनदा, मधलं बटण. तिथे तू लावून दिलेला तो होडीवाला होता, म्हणून रोज होडीवालाच. एकदा चित्रं आपोआप सरकली आणि भूत आलं. तिने भिंतीवरचं बटणच बंद केलं. बोलायच्या बटणावर बातम्या म्हटलं तर पुन्हा वीस चित्रं यायची, कुठली आजची आणि कुठली गेल्या वर्षीची ते वाचल्याशिवाय कळणार कसं? तुला विचारायचं तर तू म्हणणार, आई, लिहिलंय की समोर. म्हणून तू फोन केलास तेव्हा ती ‘आठवत नाही’ म्हणाली. तिला तेवढंच सुचलं. नंतर तू डॉक्टरांपर्यंत पोचलास तरी ती गप्प राहिली. मी विचारलं, अगं, तुला वेडी ठरवायला निघाले होते आम्ही, बोलली का नाहीस? तर म्हणाली, “म्हातारी विसरते, त्यात कुणी नावं ठेवत नाही.” आणि माझ्याकडून वचन घेतलं, राजूला सांगायचं नाही.

जुना रिमोट तिने टाकलेला नाही. प्लास्टिकच्या पिशवीत, रबर लावून, कपाटात साड्यांखाली आहे. त्या दिवशी तिने मला अकरा चॅनेलचे नंबर घडाघडा सांगितले, कुठे कधी काय लागतं त्यासकट. मी वहीत उतरवून घेतले आणि नंतर नीलाकाकूंच्या घरी ताडून बघितले. एकही चुकला नव्हता. ती यादी सोबत जोडतेय, डॉक्टरांना दाखवायची असेल तर दाखव.

या तीन आठवड्यांत मी स्वतःलाही काही विचारलं. तू तिला ठाण्याला नेतो म्हणालास तेव्हा मी लगेच हो का म्हटलं? तिला बरं पडेल म्हणून, की माझ्याकडे कल्याणला आणायला लागू नये म्हणून? दुसरं कारण निम्म्याहून जास्त होतं, हे मी डायरीत लिहिलंय आणि तुलाही लिहिते. आणि आता मी तिच्या बाजूने एवढी उभी राहतेय, ते तरी तिच्यासाठीच का, की एम. ए. होऊन सेहेचाळीस वर्षं जे दिसलं नाही त्याची भरपाई म्हणून? सांगता येत नाही. त्या भरपाईच्याच नादात मी गेल्या रविवारी एक अंकलिपी आणली. आईने ती उलटसुलट करून बघितली आणि फ्रिजवर ठेवली. “शिकायचं असलं तर माझ्यासाठी शिकेन. टीव्ही बघायला म्हणून नाही. तू आधी माझी छत्री लाव.” तिला हे म्हणायचा अधिकार आहे असं मला वाटतं. तुझा टीव्ही भिंतीवरच राहील, चित्र फार छान दिसतं असं ती म्हणते. फक्त खाली डिशचा जुना डबा पुन्हा बसेल आणि तिच्या हातात आकडे येतील. तुझ्या खात्यातलं ते घुबड मात्र काढून टाक. ती दुपारी काय बघते हे तुला ठाण्यात बसून कळायची गरज नाही. कळावंसं वाटलं तर ये आणि शेजारी बस.

आता हे पत्र का, आणि टपालाने न टाकता हाती का पाठवतेय, ते सांगते. वचन मी मोडलेलं नाही. काल तुझा आईला फोन आला, मंगळवारी डॉक्टरांकडे जायला गाडी पाठवतो, दोन साड्या भरून ठेव. फोन ठेवून तिने कणीक मळायला घेतली. मग पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “विसरभोळी म्हणून घरातून उचलून नेणार असतील, तर त्यापेक्षा अडाणी बरी. लिही त्याला.” मी म्हटलं, फोनच करू या. तर म्हणाली, “फोनवर तो मध्ये मध्ये बोलतो.” म्हणून आज दुपारपासून आम्ही दोघी बसलोय. मी एक परिच्छेद लिहिते, तिला वाचून दाखवते, तिने मान हलवली की पुढे जाते. तिने दोन वाक्यं खोडायला लावली. दोन्हीत मी तिची कीव केली होती. मंगळवारी ती डॉक्टरांकडे येईल, स्वतःहून. वाचता येत नाही हे तीच त्यांना सांगेल, त्या वेळी तू शेजारी असावंस एवढंच तिचं म्हणणं आहे. मी शेवटी विचारलं, हे सगळं त्याला एकदम कागदावर कळलं तर सहन होईल का? ती उठता उठता म्हणाली, “त्याला वाचायला शिकवलंय ना आपण. एकदा माझ्यासाठी वाचू दे.”

खाली ‘विमल’ लिहिलंय ते तिने लिहिलंय. माझं नाव त्याच्याखाली.

विमल

तुझीच ताई,
दर्शना

ता. क. पानाच्या शेवटी उद्याचं एक काम लिहायच्या माझ्या सवयीवरून तू मला लहानपणापासून चिडवत आलास. हे उद्याचं: डिशवाला अकराला येणार, त्याआधी नीलाकाकूंच्या आवळ्याच्या फोडी परातीत काढून छत्री रिकामी करणे.